अकरावा सुरा

गेल्या महिन्यात भाच्याचा मेसेज आला. "मामा, का-बार घेऊ, ऑन्टारिओ घेऊ, की जुना कॅमिलस शोधू?" स्वारी सध्या डेहराडूनला आयएमएत आहे. पासिंग आउटची भेट म्हणून आजोबांनी पैसे कबूल केलेत आणि नातवाला घड्याळ नकोय, सुरा हवाय. सात इंची पातं, चामडी मूठ, काळपट रंग, सिनेमात अमेरिकन मरीनच्या कमरेला दिसतो तो. त्याला हसायचा मला अधिकार नाही. एनडीएत असताना अशाच एका सुऱ्याचं चित्र मासिकातून कापून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. कपाट तपासणीत ते सापडलं आणि सीनियरने त्यापायी कॉरिडॉरभर फ्रंट रोल मारायला लावले. चित्र गेलं, आवड राहिली.

उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण या विषयात माझ्या डोक्यावर एक जुनं देणं आहे, आणि योगायोग असा की ते देणं मी सध्या पोस्टिंगवर आहे त्याच रायपुरात राहतं. गुढियारीत.

आधी सुऱ्याबद्दल. हा सुरा मुळात कुणा एका कंपनीचा नाही, हे बऱ्याच हौशी लोकांना ठाऊक नसतं. १९४२ साली अमेरिकन मरीन कोअरकडे पहिल्या महायुद्धाचे जुने ट्रेंच नाइफ होते, तेही पुरेसे नव्हते. मरीन रेडर्सना दिलेला कट्यारीसारखा बारीक सुरा भोसकायला ठीक होता, पण डबा उघडायला, खोका फोडायला, फांदी तोडायला नाजूक. जंगलात शिपाई दिवसातून पन्नास वेळा सुरा काढतो, त्यातल्या पन्नासही वेळा शत्रू समोर नसतो. म्हणून कर्नल जॉन डेव्हिस आणि मेजर हॉवर्ड अमेरिका (आडनावच अमेरिका!) या क्वार्टरमास्टर विभागाच्या दोघा अधिकाऱ्यांनी कॅमिलस कंपनीच्या कारागिरांबरोबर बसून नवा नमुना ठरवला. २३ नोव्हेंबर १९४२ ला तो मंजूर झाला आणि २७ जानेवारी १९४३ ला कॅमिलसने पहिली खेप रवाना केली. आपल्याकडे नुसतं टेंडर निघायला लागणाऱ्या वेळात त्यांनी सुरा शिपायाच्या हातात दिला, हे कुठल्याही क्यूएमने लिहून ठेवावं असं आहे.

मागणी एवढी होती की एका कारखान्याला झेपणं शक्य नव्हतं. कॅमिलस, युनियन कटलरी, रोबेसन आणि पाल अशा चौघांनी एकाच नमुन्यावर हे सुरे केले. यातल्या युनियन कटलरीने पात्याच्या बुडाशी आपला का-बार हा छाप ठोकला होता. छाप ठळक, नाव लक्षात राहणारं, म्हणून कुणी का केलेला असेना, शिपाई त्याला का-बारच म्हणू लागले. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं. त्या नावामागे कंपनी एका शिकाऱ्याच्या पत्राची गोष्ट सांगते. त्याची बंदूक अडली, त्याने सुऱ्याने अस्वल मारलं, आणि त्याच्या मोडक्या अक्षरातल्या 'किल अ बेअर'मधलं 'का बार' एवढंच वाचता आलं. खरं असो नसो, जाहिरात म्हणून उत्तम.

पुढची कथा कारखान्यांची. कॅमिलस युद्धानंतरही लष्करासाठी सुरे करत राहिली आणि २००७ साली दिवाळं निघून बंद पडली. नाव दुसऱ्या कंपनीने विकत घेतलं. म्हणून भाच्याने 'जुना कॅमिलस' म्हटलं, ते बरोबर आहे. युनियन कटलरी म्हणजे आजची का-बार, न्यूयॉर्क राज्यातल्या ओलियन गावी आहे. ऑन्टारिओ १८८९ मधली, तिचा कारखाना त्याच कॅटरॉगस काउंटीत फ्रँकलिनव्हिलला होता. मरीन कोअरने २००३ साली स्वीकारलेली ओकेसी-३एस संगीन याच ऑन्टारिओची. २०२३ साली तीही कंपनी विकली गेली. म्हणजे जगभर ज्यावरून वाद चालतात ते सुरे जवळपास शेजारच्या गावांतून आलेत. अकोळनेर आणि वाळकीच्या पैलवानांची तुलना करावी तसं.

माझ्याकडे तिन्ही आहेत. कॅमिलस मला २०१६ मध्ये चौबटियाला अमेरिकन सैन्याबरोबर झालेल्या युद्ध अभ्यास सरावात एका सार्जंटने दिला. बदल्यात त्याने माझी रेजिमेंटल टोपी आणि आईने पाठवलेल्या चकल्यांचा डबा नेला. का-बार कोर्समेटने अमेरिकेतून कोर्स करून येताना आणला. ऑन्टारिओ दुसऱ्या कोर्समेटचा, परत द्यायचाय, सहा वर्षं झाली.

तिन्हींचं पातं साधारण सात इंच आणि पोलाद १०९५ जातीचं, म्हणजे कार्बन एक टक्क्याच्या आसपास. का-बारने आजच्या पात्यात थोडं क्रोमियम आणि व्हॅनेडियम घातलंय आणि ते ५६ ते ५८ रॉकवेल एवढं कडक करतात. या पोलादाची धार चांगली लागते, दगडावर चटकन परत येते, पण ते गंजतं. पावसाळी इलाख्यात रोज तेलाचा हात हवाच. मूठ चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली, ओल्या हातातही धरवते. आडवी दांडी हात धारेवर घसरू देत नाही. फरक विचाराल तर रंगाचा थर, मुठीची जाडी आणि म्यान. युद्धकाळात तर या कारखान्यांचे सुरे एकाच फौजेत फिरले, आणि शिपायाने छाप बघून कुणाचा नाकारल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आता महत्त्वाचं. या सुऱ्याचं पातं मुठीत पूर्ण रुंदीने जात नाही. मुठीत जाते ती पात्याचीच निमुळती शेपटी, आणि शेवटी ती मागच्या टोपणाला पक्की केलेली असते. अनेकांना वाटतं, पूर्ण रुंद शेपटीच भरवशाची. तसं नाही. शेपटी पात्याच्याच अखंड तुकड्याची असेल, पातं जिथे निमुळतं होतं तो कोपरा गोलसर असेल आणि तिथलं पोलाद काचेसारखं कडक ठेवलेलं नसेल, तर ती आयुष्यभर पुरते. कोपरा काटकोनात कापला की सगळा ताण तिथे गोळा होतो. आणि शेपटी जोडलेली असेल, म्हणजे पात्याला वेगळी सळई वेल्ड केलेली असेल, तर तो सुरा नव्हे, तो शोभेचा माल. वरून चामडं चढवलं की दोन्ही सारखेच दिसतात.

हे मला २०१० मध्ये माहीत नव्हतं.

मणिपूरमध्ये होतो. नवा मेजर, नवी कंपनी, अंगात रग. जवानांकडे चांगला सुरा हवा म्हणून मी पलटणीच्या फंडातून दहा सुरे घ्यायचा प्रस्ताव टाकला. एका पुरवठादाराने नमुने आणले. हुबेहूब तोच आकार, तीच मूठ, पात्यावर इंग्रजी अक्षरं. मी धार अंगठ्यावर पाहिली, हातात तोलला, कपाटाच्या दारावरचं ते चित्र डोळ्यांसमोर आलं आणि सही केली. दहाच्या दहा घेतले. सुभेदार साहेब एवढंच म्हणाले होते, "साहब, इधर तो दाओ ही चलता है." मी हसून सोडून दिलं.

तीन आठवड्यांनी पोस्टवर छपराचं काम चाललं होतं. माझ्या कंपनीतला एक नायक, छत्तीसगडचा, त्या सुऱ्याने बांबू फोडत होता. डाव्या हातात बांबू, उजव्यात सुरा. घाव घालताना पातं मुठीपासून तुटलं आणि फिरून डाव्या तळव्यात गेलं. करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या शिरा तुटल्या. हेलिकॉप्टर, हॉस्पिटल, दोन ऑपरेशनं. बोटं वाचली, पण पूर्ण मिटेनात. त्याची मेडिकल कॅटेगरी खाली आली. हवालदारकीच्या कॅडरला जाणार होता, ते राहिलं. पुढे काही वर्षांनी तो नायक म्हणूनच पेन्शनला गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मी जबाब दिला की सुरा बांबू फोडण्यासाठी नव्हता, त्यासाठी दाओ उपलब्ध होता. यात एक शब्द खोटा नाही. जखम ड्युटीवरची म्हणून नोंदली गेली, त्याला शिक्षा झाली नाही, पेन्शनला धक्का लागला नाही. पण अहवालात 'उपकरणाचा अयोग्य वापर' हे शब्द राहिले आणि ते माझ्या जबाबातून गेले होते. मोडलेला तुकडा मी पाहिला होता. पात्याला पेन्सिलीएवढी सळई जोडलेली. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजून काळा, अर्धा ताजा, चमकणारा. त्याचा अर्थ मला पुढे कित्येक वर्षांनी एका वर्कशॉपमधल्या ईएमई हवालदाराने समजावला. काळा भाग म्हणजे जुनी चीर. ती अपघाताच्या आधीपासून होती.

एनसीसीच्या पोस्टिंगवर रायपुरात आलो तेव्हा तो इथे आहे हे ठाऊक होतं. पलटणीच्या ग्रुपवर त्याच्या दुकानाचा फोटो आला होता. तरी आठ महिने गेलो नाही. कामं होती, असं मी स्वतःला सांगत होतो. भाच्याचा मेसेज आला त्या रविवारी तिन्ही सुरे एका पिशवीत घालून निघालो.

गुढियारी म्हणजे रायपूर स्टेशनच्या पलीकडच्या अंगाची घाऊक बाजारपेठ. धान्याची पोती, तेलाचे डबे, हातगाड्या, हमालांच्या आरोळ्या. पुण्याचा भवानी पेठेचा भाग ज्यांनी पाहिलाय त्यांना लगेच घरच्यासारखं वाटेल. हे शहर लोखंडाचं. पश्चिमेला भिलाईचा कारखाना, जिथली पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली आणि जिथले रूळ देशभर पसरलेत. उत्तरेला उरला आणि सिलतराच्या गिरण्या. पण लोखंडाच्या राशी असणं आणि सुऱ्याचं पोलाद असणं यात फरक आहे. बांधकामाच्या सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास, तिला कितीही तापवून पाण्यात बुडवा, धार धरणार नाही. आपले लोक म्हणतात ना, हत्याराला पाणी द्यावं लागतं, तसं पाणी घेणारं पोलाद आधी असावं लागतं.

त्याचं दुकान दोर, साखळ्या, फावडी, कोयते अशा वस्तूंचं. मला पाहून तो उठला, सावधान झाला, आणि मग खुर्ची पुसायला लागला. डोक्यावरचे केस पांढरे झालेत. डाव्या हाताने त्याने चहाचा ग्लास पुढे केला, तीन बोटांत धरून. दोन तशीच अर्धी उघडी.

इकडचं तिकडचं झालं. मुलगी नर्सिंगला आहे, मुलगा दुकानात बसतो. मग मी पिशवी उघडली आणि तिन्ही सुरे काउंटरवर ठेवले. म्हटलं, भाच्याला घ्यायचाय, तू सांग कुठला.

त्याने घाई केली नाही. एकेक उचलला. मूठ कानाजवळ धरून हलवली. मागच्या टोपणावर अंगठा दाबून पाहिला. दुकानातली कानस घेऊन पात्याच्या बुडाशी, दिसणार नाही अशा जागी, हलकेच फिरवली. पोलादाला पाणी नीट दिलेलं असेल तर कानस त्यावरून घसरते, नसेल तर चावते. तिन्हींवर घसरली. मग म्हणाला, "तीनों अच्छे हैं साहब. जो सस्ता मिले, ले लीजिए." आणि जरा थांबून, "वो वाला भी हिलता था."

मला आधी कळलं नाही. त्याने सांगितलं. मणिपूरमधल्या त्या सुऱ्याची मूठ तुटायच्या तीन दिवस आधीपासून हलत होती. त्याच्या लक्षात आलं होतं. एकट्याच्या नव्हे, सेक्शनमधल्या आणखी दोघांच्या सुऱ्यांचंही तेच होतं.

"तो बोला क्यों नहीं?"

"साहब की पसंद का था."

एवढंच. तक्रारीचा सूर नव्हता. हवामान सांगावं तसं सांगितलं.

चौदा-पंधरा वर्षं मी समजत होतो की माझी चूक सुरा न तपासण्याची. ती होतीच. पण तपासणी तर जवानांनी केली होती, तिन्ही दिवस. चीर त्यांना हाताला जाणवली होती. ती माझ्यापर्यंत आली नाही, कारण सुभेदार साहेबांनी दाओचं सांगितलं तेव्हा मी हसलो होतो आणि ते सगळ्या कंपनीने पाहिलं होतं. नव्या मेजरला त्याची आवडती वस्तू वाईट आहे हे कोण सांगणार? मी सुरे वाटले तेव्हा प्रत्येकाने "बढ़िया है साहब" म्हटलं आणि मी ते खरं मानलं.

मग मी ते म्हटलं जे तेव्हा म्हणायला हवं होतं. की अहवालातले ते शब्द माझे होते, आणि चूक त्याची नव्हती, माझी होती. तो काउंटरवरची दोरी गुंडाळत राहिला. "पता है साहब," म्हणाला. "आप पे भी तो ऊपर वाले थे." मला सूट द्यायची त्याची ही पद्धत. मी ती घेतली नाही, पण वादही घातला नाही.

थोड्या वेळाने तो आत गेला आणि दोन सुरे घेऊन आला. इथल्या एका लोहाराकडून तो शेतकऱ्यांसाठी हंसिया आणि टंगिया करून घेतो. टंगिया म्हणजे इकडची कुऱ्हाड. त्याच लोहाराने ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्याचे हे दोन केले होते. कमानपट्ट्याचं पोलाद लवचीक, मार खाणारं. नेपाळ आणि डेहराडूनकडचे खुकरी करणारेही बहुतेक तेच वापरतात, आणि किटलीने फक्त धारेच्या कडेवर पाणी सोडतात. धार कडक होते, पाठ मऊ राहते. 'पाणी देणं' हा शब्दप्रयोग इतका शब्दशः मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

दिसायला ओबडधोबड. पातं जेमतेम सहा इंच, मूठ लाकडाची, तीन रिव्हेट, पोलाद मुठीच्या टोकापर्यंत रुंदच्या रुंद. त्याने त्यातला एक व्हाइसमध्ये आवळला, मुठीवर पाण्याचा पाइप चढवला आणि मला म्हणाला, "लगाइए." मी जोर लावला. पातं वाकलं, सोडल्यावर परत आलं. आणखी लावला. आता वाकलं ते वाकलेलंच राहिलं, पण तुटलं नाही. मूठ हलली नाही. त्याने तो व्हाइसमधून काढून भंगारात टाकला आणि दुसरा कागदात गुंडाळला.

"एक तोड़ के देख लेते साहब, उस टाइम," तो म्हणाला. "दस लिए थे ना. ग्यारह ले लेते."

मी दोन्हींचे पैसे दिले. त्याने मोडलेल्याचेही घेतले, आणि ते बरोबरच केलं.

भाच्याला जे उत्तर पाठवलं ते इथेही देतो, कारण हा प्रश्न मला बरेच वाचक विचारतात.

का-बार, ऑन्टारिओ, कॅमिलस, यातला कुठलाही खरा असेल तर उत्तम. जिथे खात्रीने अस्सल मिळेल तिथून घे, छापावर भाळू नकोस. नकली मालावर सगळ्यात आधी छापच येतो. मूठ कानाशी हलवून बघ. कानस फिरवून बघ. सात इंची पातं कापायला आहे. पहार म्हणून उचकायला नाही आणि बांबू फोडायला नाही. बांबूला दाओ, उसाला कोयता, ज्याचं काम त्याला. कायद्यात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा, घर-शेती-कारखान्याच्या कामाचा नसलेला सुरा शस्त्रात मोडतो, हा त्यात बसत नाही. तरी सुट्टीवर आलास की कमरेला लावून बाजारात फिरू नकोस, काही ठिकाणी स्थानिक मनाई असते, आणि तुला शोभतही नाही.

स्वतःसाठी एक घेशील तेव्हा हे पुरे. पण दोन-चार वर्षांत तू दुसऱ्यांसाठी दहा घेशील. सुरे नाही तर दोर, बूट, टॉर्च, काहीतरी. तेव्हा अकरा घे आणि अकरावा सगळ्यांसमोर मोड. वाटून झाल्यावर आठवड्याने प्रत्येकाकडे जाऊन विचार, काय वाईट आहे. चांगलं काय ते विचारू नकोस. आणि जो पहिला सांगेल त्याच्यावर हसू नकोस.

आजोबांच्या पैशाचं काय करायचं ते तू ठरव. कागदात गुंडाळलेला सुरा मी कुरिअरने पाठवत नाही, पासिंग आउटला येईन तेव्हा हातात देईन. दिसायला साधा आहे. त्याचा जोडीदार मी स्वतः मोडून पाहिलाय.

जय हिंद.